तानुबाई अहिरेची खुली लढत

तानु अहिरेशी मी जितक्या वेळा लढले तितक्या वेळा हरले. म्हणून तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कुणाचा नाही, असं मी समजते. पुढे पेपरात तिच्यावर लेख आले, पण ते लिहिणाऱ्यांनी तिला खुर्चीत बसून चहा पिताना पाहिलं होतं. मी तिला खालून पाहिलंय, माझी पाठ मॅटला टेकलेली आणि तिचं कोपर माझ्या गळ्यावर.

मी प्रमिला, जळगावची. वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. ऐंशीनंतर आमच्याकडे कराटेची लाट आली. थेटरात मारामारीचा विदेशी सिनेमा लागला की दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरं पाय उडवताना दिसत. वडिलांनी मला क्लासला घातलं ते मला दमा होता म्हणून. दमा गेला, कराटे राहिलं. माझं एवढंच. तानुचं तसं नव्हतं, तिचं पार मातीपासून सुरू झालं.

ती दोंडाईच्याची. वडील देवचंद मिरचीच्या बाजारात पोती वाहायचे, आई भागाबाई तिथेच सुपानं मिरच्या घेऊन देठं खुडायची. देवचंदनानांना तरुणपणी कुस्तीचा भारी नाद. पण गावच्या तालमीत बौद्धवाड्यातल्या पोरांना पाय ठेवू देत नसत. तोंडावर कुणी नाही म्हणायचं नाही, लढायला जोडच द्यायचे नाहीत. चार-सहा महिने दारात उभं राहून नानांनी तो नाद सोडला आणि वाड्यातल्या पोरांना घेऊन विहारामागे स्वतःचा आखाडा खणला. नदीकाठची माती आणली, चाळली, तिच्यात तेल, ताक, हळद घातली. त्या आखाड्यात वाड्यातली दोन पिढ्यांची पोरं घडली.

तानुचा थोरला भाऊ भिकन. नानांना वाटायचं, हा पहिलवान होईल. भिकनला वाटायचं, आपण ट्रक चालवावा. एका हंगामात वाड्यातली सगळी पोरं ऊसतोडीला गेली आणि भिकनला जोडच उरली नाही. तेव्हा तानु बारा-तेरा वर्षांची असेल. रोज मातीत पाणी मारायचं काम तिचं, त्यामुळे डाव सगळे पाहून पाठ झालेले. नाना म्हणाले, नुसती उभी राहा, त्याला पकडायला कुणीतरी हवं. ती उभी राहिली. भिकननं हात घातला आणि पुढच्या क्षणी तो आभाळ पाहत होता.

नानांना वाटलं, पोराचा पाय घसरला. त्यांनी परत जोड लावली. परत तेच झालं.

पोरीला मातीत उतरवलं हे भागाबाईला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. "आंडेरले मातीमा लोळावतस," ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या तिले कोन करी?"

"उद्यानं उद्या पाहू," नाना म्हणाले. "आते तिले डाव येस."

पोरीला डाव येतो, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढची चार वर्षं तानु रोज पहाटे मातीत उतरली. भिकननं आनंदानं तिला जागा करून दिली आणि खरोखरच ट्रकवर क्लीनर म्हणून गेला.

त्र्याऐंशी साली तापीकाठच्या एका गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड होता. गावाचं नाव सांगत नाही, आता तिथली माणसं तिला पाहुणी म्हणून बोलावतात. नाना तानुला घेऊन गेले. अंगात भिकनची हाफपँट, वर फुल बाह्यांचा शर्ट, केस घट्ट बांधून फडक्यात कोंबलेले. हलगी वाजत होती. नाना तिला घेऊन सरळ आखाड्याच्या कडेला गेले आणि जोड मागितली.

पंचांमधला एक म्हातारा उठला. "देवचंद, हाई काय नवीन काढं?"

"मन्ही पोर शे. कुस्ती खेळाले उनी."

"बाईमानूस आखाडामा उतरत नही."

"मंग आज उतरी," नाना म्हणाले.

माणसं हसली, कुणी शिव्या दिल्या. एकानं खाली वाकून ढेकूळ उचललं. पण जोड द्यायला कुणी पुढे येईना. जिंकलं तर त्यात काय मोठेपणा, आणि हरलं तर गावात राहायची सोय नाही. शेवटी शिंदखेड्याकडचा तोताराम नावाचा एक मल्ल गंमत म्हणून हसत हसत आत आला. त्यानं प्रेक्षकांकडे पाहून मिशीवर हात फिरवला. तानु म्हणायची, त्याचा तो हात मिशीवर होता तेवढ्यातच मी पट काढला, खाली वाकून त्याचे पाय ओढले. तोताराम दाणकन पाठीवर पडला.

हलगीवाला थांबला. पंच म्हणाले, पाठ टेकलीच नाही. तानुनं काही वाद घातला नाही. परत सलामी दिली, परत भिडली. आता तोताराम हसत नव्हता, त्यानं खरी ताकद लावली, तिची मान दाबली, तिला गुडघ्यावर आणलं. ती खालून निसटली, त्याच्या मागे गेली आणि त्याला उलटा करून छातीवर बसली ती बसलीच. पंच गप्प. तोतारामचा श्वास कोंडला तेव्हा तोच खालून ओरडला, "टेकनी रे भो, टेकनी."

जिंकणाऱ्याला फेटा बांधायची रीत होती. पंच म्हणाले, बाईच्या डोक्याला फेटा बांधत नाहीत, जा घरी. तानु आखाड्याच्या मधोमध मांडी घालून बसली. नाना आत येऊन तिच्या शेजारी बसले. कुणी ढकलायला आलं की ती फक्त वर पाहायची, आणि आत्ताच जे पाहिलं होतं त्यामुळे तो माणूस दोन पावलं मागे जायचा. ऊन चढत होतं. पुढची कुस्ती मोठ्या नावाच्या मल्लांची होती, माणसं मैलोन् मैल बैलगाड्या हाकत ती पाहायला आली होती. शेवटी जे लोक तिला शिव्या देत होते तेच पंचांवर ओरडायला लागले, "बांधा तो फेटा आणि पुढची जोड लावा."

फेटा बांधला. फार सैल बांधला होता, घरी जाईपर्यंत तिला तो हातानं धरून ठेवावा लागला.

त्यानंतर आसपासच्या जत्रांमध्ये ती लढत राहिली. काही गावांनी हाकलून दिलं, काही गावांनी मुद्दाम बोलावलं, कारण तिच्या नावावर गर्दी जमायची. ती मात्र वैतागली होती. मला म्हणाली होती, "लोक मला कुस्ती बघायला येत नव्हते गं. दोन डोक्यांचं वासरू बघायला येतात, तसे येत होते."

पंच्याऐंशीला ती धुळ्याला मावशीकडे आली. ही मावशी, द्रौपदाबाई, एका दवाखान्यात आया होती. धुळ्यात तेव्हा झुलालसर नावाचे पीटीचे शिक्षक जुदो शिकवायचे. हॉल म्हणजे एक जुनं गोदाम आणि मॅट म्हणजे काथ्यानं भरलेल्या गाद्या. तानु एक दिवस दारात जाऊन उभी राहिली. सर म्हणाले, मुलींचे वार मंगळवार आणि शुक्रवार. ती म्हणाली, मी रोज येईन. सर म्हणाले, रोज मुली नसतात. ती म्हणाली, मुलगे असतात ना.

जुदोत ती दोन वर्षांत राज्याला गेली आणि पदक घेऊन आली. तिथे तिला पहिल्यांदा कळलं की जमिनीवर पाडल्यावरही काम उरतं. हात कसा वळवायचा, मान कशी धरायची, समोरच्याला हरलो म्हणायला कसं लावायचं, हे सगळं तिनं झुलालसरांकडून घेतलं आणि मातीतल्या डावांत मिसळलं. सर डोक्याला हात लावायचे. "हे जुदो नाही," म्हणायचे. आणि थोड्या वेळानं, "परत करून दाखव."

एकोणनव्वदला जळगावात सर्वशैली खुली स्पर्धा भरली. खानदेशात असं पहिल्यांदाच होत होतं. कराटेवाला, जुदोवाला, बॉक्सर, पहिलवान, कुणीही यावं. ठोसा चालेल, लाथ चालेल, पाडणं, धरणं, पिळणं चालेल. डोळे आणि जांघ सोडून. जो मॅटवर हात आपटेल किंवा उठणार नाही तो हरला. स्पर्धा अर्थात पुरुषांची. मुलींसाठी मधल्या वेळेत प्रात्यक्षिकं होती. मी त्यात कौलं फोडणार होते.

मी स्टेजच्या बाजूला कौलं रचत होते तेव्हा आयोजकांच्या टेबलाशी गलका ऐकू आला. एक काळीसावळी, रुंद खांद्यांची मुलगी उभी होती. आमचे आयोजक, वनासर, तिला समजावत होते.

"साठ किलोखालच्या गटात माझं नाव घाला," ती म्हणत होती.

"तो मुलांचा गट आहे, ताई."

"मग मुलींचा काढा."

"मुलीच नाहीत लढायला."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ती काय करते?"

"ती प्रमिला. आमची ब्लॅक बेल्ट. ती प्रात्यक्षिक करणार आहे, कौलांचं."

"कौलं उलटी मारत नाहीत," ती मुलगी म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, ऊन पडलंय म्हणावं तसं म्हणाली. म्हणूनच मला जास्त लागलं.

मी हातातलं कौल खाली ठेवलं आणि वनासरांना म्हणाले, "सर, मी लढते हिच्याशी."

वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, एवढंच केलं. पण अडवलं नाही, हे मी आयुष्यभर विसरले नाही.

मी तोवर खऱ्या माणसाला पूर्ण ताकदीनं कधी मारलं नव्हतं. पहिल्याच लाथेला माझ्या टाचेखाली तिच्या तोंडात काहीतरी कडकन वाजलं. ती थांबली, तोंडात जीभ फिरवली, दात तळहातावर थुंकला आणि मॅटबाहेर बसलेल्या झुलालसरांच्या हातात नेऊन दिला, जशी एखादी बाई खेळायच्या आधी बांगडी काढून देते. मग परत आली. मी दुसरी लाथ उचलली आणि तो पाय परत खाली आलाच नाही. तिनं तो बगलेत धरला होता. मी पडले, ती वर आली, माझा हात कोपरातून नको त्या दिशेला जायला लागला आणि मी मॅटवर थापा मारल्या.

माइकवरून निवेदक म्हणाला, "दोन्ही भगिनींनी सादर केलेलं हे सुंदर प्रात्यक्षिक..."

तानुनं त्याच्या हातातून माइक घेतला. ओठातून रक्त येत होतं. "हे प्रात्यक्षिक नव्हतं," ती म्हणाली. "हिनं माझा दात पाडला आणि मी हिला हरवलं. तसं सांगा."

मग मागून शिट्ट्या सुरू झाल्या. निवेदकानं तसं सांगितलं.

त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी झालो. दर रविवारी मी पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीनं धुळ्याला जायचे. मी तिला लाथ आणि ठोसा शिकवायचे, ती मला पडायला शिकवायची. "आधी पडायची भीती घालव," ती म्हणायची, आणि शंभरदा पाडायची. माझे दंड निळेकाळे पाहून आई म्हणाली, सासरी असं कुणी मारलं असतं तर आपण पोलिसात गेलो असतो. वडील म्हणाले, "ती मारून घ्यायला जात नाही, शिकायला जाते." आई म्हणाली, मला फरक दिसत नाही.

एक्क्याण्णवला धुळ्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा महिला गट निघाला. तो निघाला कारण तानु आणि मी गावोगाव फिरून मुली गोळा केल्या होत्या. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या दोघी, अमळनेरची एक, जुदोच्या काही, कबड्डीच्या काही. तानु पहिली आली. मी दुसरी. पुढच्या वर्षी इंदूर, सुरत, नागपूर. ती सगळीकडे जिंकली आणि घरी आल्यावर प्रत्येक लढतीत आपलं काय चुकलं ते मला दोन तास ऐकवायची. तोवर एका मुलींच्या शाळेत तिला खेळाची शिक्षिका म्हणून नोकरी लागली होती. स्थळं यायची. मुलाकडचे विचारायचे, लग्नानंतर हे सोडणार ना? ती विचारायची, मुलगा काय काय सोडणार आहे? तिथे बोलणं संपायचं. भागाबाई भिंतीकडे तोंड करून बसायची.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात धुळ्याला राज्य संघटनेची खुली स्पर्धा होती. राज्यातून आणि बाहेरूनही संघ आले होते. अंतिम लढत तानु आणि मी. सकाळी राज्य संघटनेच्या सचिवांनी आम्हा दोघींना आणि झुलालसरांना खोलीत बोलावलं. बाजूला एक डॉक्टर बॅग घेऊन बसलेले.

"एक तक्रार आलीय," सचिव टेबलाकडे पाहत म्हणाले. "एका संघाचं म्हणणं आहे की एवढी ताकद बाईत नसते. तेव्हा एक छोटीशी तपासणी. पाच मिनिटांचं काम आहे."

मला आधी कळलंच नाही. तानुला लगेच कळलं.

"कुणाकुणाची?" तिनं विचारलं.

"तुमचीच. तक्रार तुमच्याबद्दल आहे."

"बरं. मग माझीही तक्रार घ्या. काल पुरुषांच्या गटात तुमच्या संघटनेचा चॅम्पियन पहिल्या मिनिटाला आडवा झाला. एवढी कमी ताकद पुरुषात नसते. त्याची तपासणी कधी आहे?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. सचिव लाल झाले. म्हणाले, तपासणी नाही तर लढत नाही.

बाहेर आल्यावर झुलालसर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तानु, पाच मिनिटं सोसून घे. मी दाराशी उभा राहतो. तुझ्या मावशींना, द्रौपदाबाईंना, आत बसवू. मग कुणाचं तोंड उघडणार नाही."

"सर, आज मी आत गेले की पुढच्या वर्षी जी जिंकेल तिला आत जावं लागेल," ती म्हणाली. "मग पोरी काय करतील? जपून हरतील."

तिचा चेहरा शांत होता, पण हातातला टॉवेल ती पिळत होती, पाणी नसताना पिळत होती. तिला मी तशी आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

तेवढ्यात भागाबाई आली. लेकीची एकही लढत तिनं आजवर पाहिली नव्हती. या वेळी तिच्या बहिणीनं, द्रौपदाबाईनं, हट्टानं बोलावलं होतं, आणि ती बाजारातलं काम टाकून पहाटेच्या गाडीनं निघाली होती. हॉलमध्ये कुजबुज चालू होती, ती द्रौपदाबाईनं तिला सांगितली. भागाबाई तशीच सचिवांच्या खोलीत शिरली. आम्ही मागे.

"कोन शे मुख्य?" तिनं विचारलं. सचिव उभे राहिले. "मी तिले जलम दिन्हा. कोनले काय इचारनं व्हई ते मले इचारा. इचारा आते."

सचिवांना अहिराणी नीट येत नव्हती, पण समजायचं ते समजलं. कुणी काही विचारलं नाही. भागाबाई बराच वेळ तिथे उभी राहिली. मग मागे वळून लेकीला म्हणाली, "तू कसाले रडी ऱ्हायनी? कपडा बदल."

तानु रडत नव्हती. पण तिनं डोळे पुसले.

तासाभरानं माइकवरून जाहीर झालं की तानुबाई अहिरे अपात्र ठरल्या असून प्रमिला विजयी झाल्या आहेत. चषक टेबलावर ठेवला होता. सचिवांनी मला हात केला. मी स्टेजवर गेले आणि म्हणाले, लढल्याशिवाय मी हा घेणार नाही.

"तुम्ही तसंही जिंकला असता," ते हळूच म्हणाले.

मला हसू आलं. मी खाली उतरले. भुसावळच्या पोरींनी तोवर हॉलच्या मागच्या दारानं सरावाच्या गाद्या बाहेर ओढायला सुरुवात केली होती. बाहेर मोकळं पटांगण, एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला सायकली. गाद्या कमी पडल्या तर कुणी सतरंजी आणली. हॉलमधली माणसं आधी दारात जमली, मग पायऱ्यांवर, मग गादीभोवती. आत स्टेजवर सचिव आणि चषक एवढेच राहिले असावेत.

पंच कोण, हा प्रश्न होता. झुलालसर संघटनेच्या पंचमंडळावर होते. त्यांनी छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि गादीवर आले. मग आम्हा दोघींकडे पाहून म्हणाले, "कुणी कुणावर उपकार करायचे नाहीत. खरं लढा."

मी खरं लढले. तिची बाजू न्याय्य होती म्हणून मी हात आखडता घेतला, असं नंतर काही जण म्हणाले. ते तिथे नव्हते. मी तिच्या बरगडीखाली अशी लाथ बसवली की ती दुमडून गुडघ्यावर आली. मी धावून गेले, वरून दोन ठोसे मारले, तिच्या नाकातून रक्त आलं. मला वाटलं, आज. खरंच वाटलं, आज मी हिला हरवते. तिसऱ्या ठोशाला तिनं माझं मनगट धरलं आणि त्या मनगटाला धरून ती झाडावर चढावी तशी माझ्या अंगावर चढली. मी उभी होते आणि ती माझ्या पाठीवर होती. मग दोघी पडलो. तिचा हात माझ्या हनुवटीखाली सरकला. मला कडुनिंबाच्या फांद्या दिसत होत्या, त्या बारीक होत गेल्या. मी गादीवर थापा मारल्या.

सरांनी तिचा हात वर केला. भागाबाई गर्दीतून पुढे आली आणि पदरानं लेकीच्या नाकाचं रक्त पुसायला लागली. तो पदर रोज मिरचीत वावरलेला. तानु अशी किंचाळली की सायकलींवर बसलेली पोरं खाली उतरली. लाथा-ठोसे खाताना तिनं हूं केलं नव्हतं. मी गादीवर पडून हसत होते, गळा दुखत होता तरी हसत होते.

संघटनेनं आम्हा दोघींवर आणि गाद्या ओढणाऱ्या पोरींवर बंदी घातली. झुलालसरांना पंचमंडळावरून काढलं. आम्ही आमच्या स्पर्धा भरवायला लागलो. दोंडाईच्याला हंगाम संपल्यावर मोकळ्या झालेल्या मिरचीबाजाराच्या आवारात, अमळनेरला शाळेच्या पटांगणात, शहाद्याला एका मंगल कार्यालयात. मुली वाढत गेल्या. संघटनेच्या महिला गटात उतरायला मात्र कुणी मिळेना. शहाण्णवला नवे सचिव आले. ते स्वतः धुळ्याला तानुच्या शाळेत आले, झालं ते चुकीचं होतं म्हणाले, परत या म्हणाले.

"येते," तानु म्हणाली. "त्र्याण्णवची विजेती म्हणून माझं नाव लावा. बाहेर झाली ती लढत धरा."

"ते नियमात बसत नाही हो."

"मग मीही बसत नाही."

ती परत गेली नाही. आपल्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना मात्र तिनं पाठवलं. एक-दोघींनी, तुम्ही नाही तर आम्हीही नाही, असं सुरू केलं तेव्हा चिडून म्हणाली, "मी भांडले ते तुम्ही घरी बसावं म्हणून का? जा आणि जिंकून या."

अठ्ठ्याण्णवला रावेरला आमची स्पर्धा होती, केळीच्या वखारीसमोरच्या मैदानात. तानु तिशी ओलांडून गेली होती. डावा गुडघा बांधल्याशिवाय तिला जिना चढता यायचा नाही. मी तोवर लढणं सोडून दिलं होतं, दोन लेकरांची आई झाले होते, पंच म्हणून जायचे. अंतिम लढतीत तिच्यासमोर पार्वता नावाची रावेरचीच पोर होती, वखारीत केळीचे घड उचलणाऱ्याची मुलगी, एकोणीस वर्षांची.

पार्वतानं तिला हरवलं. नशिबानं नाही, चांगलं हरवलं. तानु पट काढायला खाली वाकली तेव्हा त्या पोरीनं तिच्या बऱ्या पायात आपला पाय अडकवला, तिला फिरवून खाली घेतलं आणि हात पिळला. तानुनं थोडा वेळ दात आवळून सोसलं. मग मॅटवर थाप मारली. मी शिट्टी वाजवली. ती शिट्टी वाजवताना मला बरं वाटलं नाही.

गावच्या लोकांनी शाल-नारळ तयार ठेवला होता. माइकवरून सुरू झालं, "खानदेशच्या वाघीण तानुबाई यांची ही शेवटची लढत, आपण सर्वांनी त्यांचा निरोपाचा सत्कार..."

तानु मॅटवरूनच म्हणाली, "शेवटची कुणी सांगितली तुम्हाला?"

माइकवाला गोंधळला. शाल घेऊन आलेले गृहस्थ मध्येच थांबले. तानुनं त्यांना पार्वताकडे बोट दाखवलं. "सत्कार जिंकणारीचा करा." त्यांनी शाल पार्वताच्या खांद्यावर टाकली. पोर लाजून नुसती उभी होती, नारळ कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

लोक पांगायला लागले. ट्रॅक्टर सुरू झाले. मी तानुला उठवायला हात दिला, तो तिनं घेतला नाही. गुडघ्याचा पट्टा सोडून परत घट्ट बांधला आणि पार्वताला हाक मारली.

"इकडे ये. शाल ठेव तिकडे. तो पाय कुठून घातलास?"

"कोणता, बाई?"

"माझा अडकवलास तो. मला आला नाही तो कधी. दाखव."

पार्वतानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती तानुसमोर वाकून उभी राहिली. तानु पट काढायला खाली गेली, पार्वताचा पाय आला आणि तानु परत पाठीवर आदळली. ती तशीच पडून राहिली, आभाळाकडे बघत विचार करत होती. मग उठून बसली.

"आता हळू," ती म्हणाली. "आणि पडताना मला धरायचं नाही."